मदत हवी आहे: विंडोजचं सिक्युरिटी अपडेट लगेच टाकायचं की थांबायचं?

नमस्कार मंडळी. उद्यमनगरात आमचं मशीन शॉप आहे. टॅली, बिलं, सीएनसीचे प्रोग्रॅम, सगळं एकाच विंडोज ११ कॉम्प्युटरवर. मायक्रोसॉफ्टचं अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतं, म्हणजे ८ ते १४ तारखेत, आणि नेमकी ११ला जीएसटीआर-१ची (विक्रीच्या जीएसटी रिटर्नची) मुदत! त्या गडबडीत काही बंद पडलं तर कामच अडतंय. पण थांबायचीही भीती वाटते. २०१७ च्या मार्चमध्ये पॅच (त्रुटी बुजवणारं अपडेट) येऊनही मे महिन्यात वॉनाक्राय हा फायली अडकवून खंडणी मागणारा व्हायरस पसरलाच, कारण अनेकांनी तो पॅच टाकलाच नव्हता. आठवडाभर पॉज करून, बॅकअप घेऊन सुट्टीदिवशी टाकलं तर चालेल काय? आणि हल्ले आधीच सुरू झालेत, त्याच रात्री टाकायला पाहिजे, हे ओळखायचं कसं? कारखान्यातले कॉम्प्युटर सांभाळणाऱ्यांनी जरूर सांगा.