१०० टक्के चार्ज: एनएमसी आणि एलएफपीचे नियम उलटे का?

खाडीपट्टा (रत्नागिरी):
घरात दोन स्कूटर. एकीचा पॅक २० सिरीज (एकापुढे एक जोडलेले २० सेल) एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्ट), चार्जर ८४ व्होल्टला थांबतो. दुसरीचा १६ सिरीज एलएफपी (लिथियम-लोह-फॉस्फेट), ५८.४ ला. पहिलीला '८० टक्क्यांवर थांबा', दुसरीला 'अधूनमधून फुल करा' असं सांगतात. दोन्हीकडे लिथियमच इकडून तिकडे जातं ना? पावसाळ्यात दोन महिने गाड्या उभ्या राहतात, तेव्हा चार्ज किती ठेवावा?

जाळीदार:
फरक कॅथोडच्या, म्हणजे सेलच्या धन बाजूच्या, स्फटिकात आहे. एनएमसीत ऑक्सिजनचे थर आणि मधल्या फटींत लिथियम. चार्जिंगला लिथियम निघू लागलं की समोरासमोर आलेले ऑक्सिजन एकमेकांना ढकलतात, फट आधी रुंदावते. ८११ (निकेल, मँगनीज, कोबाल्ट ८:१:१) सारख्या निकेलबहुल मालात साधारण पाऊण हिस्सा लिथियम निघालं की, ४.२ व्होल्टच्या आसपास, तीच फट एकदम मिटते. शेजारचे कण वेगवेगळ्या दिशांना आकसतात, चिरा पडतात, चिरांत इलेक्ट्रोलाइट (सेलमधला द्रव) शिरतं. पृष्ठभागावरचा ऑक्सिजन सुटतो आणि निकेल लिथियमच्या जागी ठाण मांडतं. सेलमागे ४.१, म्हणजे पॅकला ८२ व्होल्टवर थांबलात तर यातलं बरंचसं टळतं. कमी निकेलच्या ५३२ मध्ये हा त्रास कमी, पण रेंजही कमी.

ऑलिव्हिन:
एलएफपीत जवळपास सगळं लिथियम काढलं तरी लोह-फॉस्फेटचा सांगाडा टिकतो, आकारमान सुमारे ७ टक्के घटतं एवढंच. ऑक्सिजन फॉस्फरसला घट्ट बांधलेला, सहजी सुटत नाही. मात्र आत लिथियम भरलेला आणि रिकामा असे दोन भाग एकत्र नांदतात. चार्ज होताना त्यांचं प्रमाण बदलतं, व्होल्टेज जवळपास तेच. त्यामुळे ३.३ व्होल्ट पाहून ४५ टक्के की ६०, हे बीएमएसला (पॅकवर नजर ठेवणाऱ्या सर्किटला) कळत नाही. शेवटी व्होल्टेज झपाट्यानं चढतं तेव्हाच हिशेब जुळतो आणि बॅलन्सिंग होतं, म्हणजे सगळे सेल एका पातळीला येतात. फुल करायचं ते यासाठी. सेलचं त्यात काही भलं नाही.

खाडीपट्टा:
मग एलएफपी पावसाळाभर फुल ठेवली तर?

जाळीदार:
नको. अ‍ॅनोड, म्हणजे ऋण बाजू, सहसा दोन्हीकडे ग्रॅफाइटचाच. लिथियम भरताना त्याच्या थरांतलं अंतर ३.३५ वरून ३.७० अँगस्ट्रॉम (मिलिमीटरचा एक कोटीवा भाग) होतं. भरलेल्या ग्रॅफाइटवर इलेक्ट्रोलाइट हळूहळू विघटित होत राहतं, वरचा पापुद्रा जाडावतो आणि त्यात लिथियम कायमचं अडकतं. निम्म्यावर ठेवा: एनएमसी सुमारे ७४ व्होल्ट. एलएफपीला मीटर लावून उपयोग नाही. फुल करा आणि निम्मी रेंज चालवून उभी करा.

ऑलिव्हिन:
एमसीबी (पॅकचा मुख्य स्विच) पाडून ठेवा, बीएमएस थोडा करंट खातच असतो. खाऱ्या हवेची काळजी कनेक्टरपुरती, सेल सीलबंद असतात. आणि मे महिन्यात आरे-वारेचे चढ चढून आल्याआल्या चार्जिंगला लावू नका, पॅक ४५ अंशांखाली येऊ द्या.