घरात लॅब्रॅडॉर कुत्रा आणि मांजर दोन्ही आहेत, पावसाळ्यात गोचिडांवर काय वापरावं? लसी राहिल्यात, त्यांचा क्रम कसा लावायचा?

परसदार_चिपळूण
घर चिपळूणजवळ, पुढे अंगण, मागे गोठा. लॅब्रॅडॉर नर, अडीच वर्षांचा, वजन २८ किलो. मांजर गावठी, साडेतीन किलो, घरातच असते. दोघं एकाच सतरंजीवर झोपतात. पाऊस लागल्यापासून कुत्र्याच्या कानात आणि पंजाच्या बेचक्यांत गोचीड आहेत. पावडर आणि गोचिडाचा साबण दोन्ही झालं, आठवड्यात पुन्हा तेच. कृषी सेवा केंद्रवाले गुरांचं अमिट्राझ (गोचीड मारायचं औषध) पाण्यात घालून अंघोळ घाला म्हणतात.
लसी: पिल्लू असताना तीन आणि रेबीजची एक. पुढे काही नाही. मांजर बाहेर जात नाही म्हणून तिला कुठलीच लस दिलेली नाही. आधी काय करायचं?

गोचीडमार
गोठ्याला दोष देऊ नका. गुरांचा गोचीड वेगळा, तो सगळं आयुष्य बहुतेक एकाच जनावरावर काढतो. कुत्र्यावरचा तपकिरी गोचीड तीनदा कुत्र्यावर चढतो आणि तीनदा उतरतो: अळी, पिल्लू आणि प्रौढ, प्रत्येक टप्प्याला एकदा. रक्त पिऊन टम्म झालेली मादी खाली पडते, भिंत चढते आणि चौकटीच्या फटीत, फरशीच्या सांध्यात हजारो अंडी घालते. म्हणजे तुम्हाला कुत्र्यावर दिसतात ते थोडेच, बाकीचे घरात आहेत. पावडरीने त्या दिवशी अंगावर असलेले मरतात, बस.

कुत्र्याला गोळी द्या. फ्लुरालानेर १२ आठवडे चालते, अफॉक्सोलानेर किंवा सारोलानेर महिनाभर. पाकिटावरचा वजनगट बघा. फ्लुरालानेरला २८ किलोचा कुत्रा २० ते ४० किलोच्या गटात येतो, अफॉक्सोलानेरला २५ ते ५० च्या. पैसे वाचवायला मोठी गोळी तोडून अर्धी देऊ नका. फ्लुरालानेर जेवणासोबतच द्या, रिकाम्या पोटी ती नीट शोषली जात नाही. पूर्वी कधी फिट आली असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

गोचीड चावल्यावरच मरतो. त्यामुळे गोळी दिल्यावरही अंगावर चालता गोचीड दिसेल, त्यावरून गोळी फुकट गेली असं समजू नका. घरातली पिढी संपायला वेळ लागतो. एका डोसावर थांबलात तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. निदान तीन-चार महिने खंड पडू देऊ नका. सोबत फटी सिमेंटने बुजवा, सतरंजी उकळत्या पाण्यातून काढा आणि भिंतीचा खालचा हातभर भाग रोज झाडा.

हाताने काढायचे तर चिमटा कातडीला टेकवून तोंडाजवळ धरा आणि सरळ ओढा. रॉकेल, काडी, तंबाखूचं पाणी काही नको. बोटांत चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका.

मनीमाऊ_पुणे
अमिट्राझची अंघोळ तुमच्या घरात नको. औषध ओल्या केसांत राहतं, मांजर त्याच सतरंजीवर लोळते आणि मग स्वतःचं अंग चाटते. अमिट्राझ पोटात गेलं की गुंगी येते, नाडी मंदावते. पर्मेथ्रिन हे कीटकनाशक त्याहून वाईट. कुत्र्यांच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत ते असतं. मांजराचं यकृत ते नीट मोडू शकत नाही, मग अंग थरथरतं, झटके येतात, मृत्यूही होतो. कुत्र्यासाठी काहीही घ्या, पाकिटावर पर्मेथ्रिन आहे का ते वाचल्याशिवाय पैसे देऊ नका.

मांजराला गोचीड-पिसवांवर फिप्रोनिलचे मांजरासाठीचे थेंब, ०.५ मिलिची नळी. डोक्याच्या मागे, जिथे जीभ पोचत नाही तिथे केस बाजूला करून कातडीवर टाका. आधी आणि नंतर दोन दिवस अंघोळ नको. पिसवा दिसल्या तर जंतांची गोळीही द्या, कारण पिसू गिळल्याने फीतकृमी होतात.

आणखी एक: ताप वाटला म्हणून घरातलं पॅरासिटामॉल मांजराला देऊ नका. ५०० मिग्रॅची एक गोळीसुद्धा जीव घेऊ शकते.

घरातल्या मांजरालाही लस लागते. पॅनल्यूकोपेनिया या मांजरांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू चपलांना लागून आत येतो आणि महिनोन्‌महिने टिकतो. तीन रोगांची एकत्र लस ३-४ आठवड्यांच्या अंतराने दोनदा, रेबीज वेगळी. आणि दार एकदा उघडं राहिलं की ‘घरातली’ मांजर बाहेरची होते.

लसवाला
कुत्र्याचं बघू. पिल्लाची शेवटची लस १६ आठवड्यांनंतर झाली होती का, ते कार्डावर पाहा. त्याआधी संपली असेल तर आईकडून आलेल्या प्रतिकारशक्तीने ती वाया गेलेली असू शकते. आता मोठ्या कुत्र्याला डिस्टेंपर-पार्व्हो या कुत्र्यांच्या विषाणूजन्य रोगांच्या लसीचा एक डोस पुरतो. लेप्टोचं (लेप्टोस्पायरोसिस) मात्र पुन्हा पहिल्यापासून: २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस, मग दरवर्षी, शक्यतो पावसाच्या आधी. रेबीज आताच एक आणि पुढच्या वर्षी पुन्हा.

कोकणात लेप्टो टाळून चालत नाही. उंदीर-घुशींच्या लघवीतून तो साचलेल्या पाण्यात येतो आणि पायाच्या भेगेतूनही शिरतो. लसीत जे प्रकार असतात त्यांच्यापुरतंच संरक्षण मिळतं, म्हणून डबक्यातलं पाणी पिऊ देऊ नका आणि भांड्यात उरलेलं अन्न रात्रभर ठेवू नका.

लस २ ते ८ अंशांतली हवी. मेडिकलमधून घेऊन पिशवीत घालून नेली तर भरवसा नाही. डॉक्टरांनी तुमच्यासमोर फ्रिजमधून काढावी, बाटलीवरचा बॅच नंबर कार्डावर चिकटवावा. टोचल्यावर अर्धा तास तिथेच थांबा, तोंड सुजलं किंवा पित्त उठलं तर लगेच इलाज होतो.

परसदार_चिपळूण
धन्यवाद सगळ्यांना. कुत्रा कालपासून भांड्याला नाक लावतो आणि बाजूला होतो. लघवी गडद दिसते. उद्या लस उरकून घेऊ का?

लसवाला
अजिबात नाही. आजारी जनावराला लस देत नाहीत. गोचिडातून बबेसिया आणि एर्लिकिया हे रक्ताचे आजार होतात, म्हणून आजच रक्त तपासा: सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि स्लाइड (काचेवर पसरलेलं रक्त). स्लाइडसाठी कानाच्या कडेचं रक्त घ्यायला सांगा, बबेसिया तिथे लवकर सापडतो. एर्लिकियात प्लेटलेट उतरतात, बबेसियात तांबड्या पेशी फुटतात. सोबत किडनी आणि यकृताची तपासणी, कारण लेप्टोही असू शकतो.

घरी एवढं बघा. ओठ उलटून दिवसाच्या उजेडात हिरडी बघा: फिकट आहे की पिवळसर. अंगठ्याने दाबा, दोन सेकंदांत रंग परत यायला हवा. गुदद्वारातून ताप मोजा, १०३ फॅरनहाइटच्या वर गेला तर ताप. लघवी पांढऱ्या कापसावर टिपा: केशरी-पिवळी की कॉफीसारखी, ते डॉक्टरांना सांगा आणि कापूसही न्या. लेप्टो माणसालाही होतो, लघवी पुसताना हातमोजे घाला.

डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक स्वतः सुरू करू नका. एर्लिकियाला ते किलोमागे १० मिग्रॅ रोज, साधारण २८ दिवस देतात, पण बबेसियाचा गिब्सोनी हा प्रकार नुसत्या डॉक्सीने जात नाही. पाचव्या दिवशी खायला लागला म्हणून गोळ्या बंद केल्या की दुखणं उलटतं, हे फार होतं. आणि तापासाठी ब्रुफेन-डायक्लोफेनॅक देऊ नका, प्लेटलेट कमी असताना आतून रक्तस्राव होऊ शकतो.

गोचीडमार
गोचिडाची गोळी उद्यावर टाकू नका. डॉक्टरांना विचारून तिथेच द्या.