चमत्कार नकोत, रोजचं सांगा : कोकणातल्या ख्रिस्ती घरांतला भरवसा (अनुभव धागा)

धागा सुरू करताना (मालवण)

चर्चमध्ये साक्ष द्यायला, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, उभं राहिलं की आपण सगळेच जरा वरच्या पट्टीत बोलतो. आजार बरा झाला, नोकरी लागली, व्हिसा आला. त्या साक्षी खोट्या नसतात, पण सोमवारी सकाळी बांगडे साफ करताना त्यांचा फारसा उपयोग होत नाही. म्हणून इथे एवढंच लिहा : भरवसा ठेवला म्हणजे त्या दिवशी तुम्ही नेमकं काय केलंत? कॅथलिक, प्रोटेस्टंट, सगळे चालतील. भरवसा न बसलेलेही चालतील.

माझ्यापासून सुरुवात. १६ मे २०२१, रविवार, तौक्ते वादळाचा दिवस. कोविडमुळे चर्च बंद, मिस्सा मोबाईलवर चालली होती. अर्पणविधीच्या आधीच रेंज गेली, मग वीज. नवऱ्याने होडी खाडीत नेऊन बांधली होती, तरी त्याचा जीव तिथेच अडकलेला. मी माळ घेऊन घरातल्या आल्तारासमोर बसले. खरं सांगते, ती प्रार्थना नव्हती. भीती होती, मणी तेवढे पुढे सरकत होते. सासूबाई पडवीतून ओरडल्या, "देव सांभाळतलो गो, पण दोरी कोण बांधतलो?" मग आम्ही दोघींनी पडवीचे पत्रे आवळून बांधले. गाठ मारताना त्यांचं 'नमो मरिया' चालूच होतं, गाठीगणिक एक. माझी पहिली खरी प्रार्थना त्या दोरीवर झाली.

होडी वाचली. पडवी गेली.

वसई, चाफ्याची बाग

पहाटेच्या गाडीने दादरला फुलं नेतो. चाफा उमलायच्या आत खुडावा लागतो, म्हणून आमचा दिवस अंधारातच उजाडतो. लहानपणी संध्याकाळी सगळं घर गुडघ्यावर बसून माळ म्हणायचं. आता त्या वेळेला मालिका असते, आणि मुलाला क्लास. दोन वर्षं मी त्याच्याशी भांडलो. भांडून म्हटलेली माळ कसली? शेवटी सोडून दिलं आणि गाडीत एकटाच म्हणायला लागलो. शेजारच्या डब्यात भजनी मंडळ टाळ कुटत असतं. माझी बोटं कधी त्यांच्या ठेक्यावर चालायला लागतात कळतही नाही. नायगावची खाडी ओलांडताना मुलाचं नाव घेतो. तो अजून माळेला बसत नाही, पण परवा टोपल्या उचलायला पहाटे उठला होता. याला उत्तर म्हणावं का, ठाऊक नाही. टोपल्या जड होत्या एवढं खरं.

रत्नागिरी, हिशेबनीस

आमच्याकडे दशांश पाळतात. लॉकडाऊनमध्ये पगार अर्धा झाला. मी म्हटलं, अर्ध्याचा दहावा भाग बाजूला काढायचाच. बायको म्हणाली, "आधी किराणा. प्रभूला आपल्या पाकिटाची एवढी नड आहे का?" मला राग आला. मीच विश्वासू आणि ती कच्ची, असं मनात येऊन गेलं. (ते 'मीच' फार चिवट असतं.)

तेव्हा कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आठवले. आपल्याच जिल्ह्यातले. त्यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. ज्या माणसाने मराठी ख्रिस्ती माणसाच्या तोंडी अभंग दिले, त्याच्या घरात नवराबायकोला एका ठिकाणी यायला पाच वर्षं लागली. मी पाच दिवसांत निकाल मागत होतो.

पाकीट काढलं, पण त्या महिन्यात ते मंडळीच्या पेटीत गेलं नाही. समोरच्या रिक्षावाल्याच्या घरी तांदूळ, डाळ, तेल गेलं, बायकोने स्वतः यादी करून आणलेलं. पाळकांना तसं सांगून टाकलं. हिशेबनीस म्हणून मला ती नोंद अजून खटकते. माणूस म्हणून नाही.

वेंगुर्ला (भरवसा न बसलेला)

न बसलेलेही चालतील म्हणालात म्हणून लिहितो. २०२१ च्या एप्रिलमध्ये आई कोविडने गेली. आम्ही नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना केली, ओळखीचा प्रत्येक माणूस प्रार्थना करत होता. मातीला मोजून चार माणसं. नंतर लोक यायचे आणि म्हणायचे, देवाला चांगली माणसं लवकर हवी असतात. एकीने तर 'तुमचा विश्वास कुठे कमी पडला का बघा' असंही सुचवलं. कृपा करून कुणाच्या दारात जाऊन असं बोलू नका. पेज घेऊन जा, भांडी घासा, गप्प बसा.

मी अजून रविवारी जातो. शेवटच्या बाकावर, खांबाच्या आड. गाणी म्हणत नाही, ख्रिस्तशरीर (मिस्सेतली पवित्र भाकर) घ्यायला उठत नाही. फादरना हे सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "क्रुसावरून 'तू मला का सोडलंस' असं विचारणाऱ्याच्याच घरात बसलायत तुम्ही. बसा." एवढंच. समजवायला आले नाहीत म्हणून मी टिकलो. मात्र याला विश्वास म्हणू नका, मला तो शब्द अजून चिकटवून घ्यायचा नाही.

कोर्लई

रायगड जिल्ह्यातल्या आमच्या गावात घरी नोलिंग भाषा बोलतात, पोर्तुगीज वळणाची. पोर्तुगीज १७४० मध्ये गेले, भाषा राहिली. चर्चमध्ये मराठी. मराठीतल्या प्रार्थना मला तोंडपाठ आहेत, म्हणून त्यांच्यामागे लपता येतं. नोलिंगमध्ये पाठ काहीच नाही, तिथे थेट बोलावं लागतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद, ६१ दिवस घरात पैसा येत नाही, तेव्हा रात्री मी नोलिंगमध्ये बोलतो. बरंचसं बोलणं उधारीबद्दल असतं.

सावंतवाडीजवळून

वेंगुर्ल्याच्या दादांचं वाचून धीर आला, म्हणून लिहिते.

नवरा गेल्यानंतर दिराने मधला गडगा दीड हात अलीकडे घेतला. सातबारा सामाईक, त्यामुळे कुणाला काही म्हणायची सोय नाही. गडग्यासोबत फणसही पलीकडे गेला, आणि तो फणस माझ्या सासऱ्यांनी माझ्या लग्नाच्या वर्षी लावलेला. कोकणात बांधावरून माणसं मरेस्तोवर बोलत नाहीत, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

तर प्रभूच्या प्रार्थनेत ती क्षमेची ओळ येते ना, आम्ही जशी क्षमा करतो तशी तू आम्हाला कर, तिथे मी गप्प व्हायला लागले. माळेत ही प्रार्थना पाच रहस्यांची (माळेच्या पाच टप्प्यांची) पाच वेळा, सुरुवातीची धरून सहा. म्हणजे रोज सहा वेळा मी तोंड मिटायचे. वर्षभर. घरात कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण माळ घाईतच असते.

पापनिवेदनाला गेले तेव्हा वाटलं, फादर आता क्षमेवर प्रवचन देणार. ते म्हणाले, "मोजणीला अर्ज केलात का? करा. क्षमा करायची म्हणून हद्द सोडायची असं कुणी सांगितलं?" मला हसूच आलं. अर्ज केला.

पुढच्या पावसात दीर पडला, कंबरेचं हाड मोडलं. जाऊबाई एकटी, मुलगे मुंबईला. मी उकड्या तांदळाची पेज आणि भाजलेला सुका बांगडा घेऊन निघाले. मनात माया वगैरे काही नव्हती. गडगा ओलांडताना पाय घसरला तेव्हा त्याच्या नावाने शिवी आली तोंडात. तरी डबा नेला, कारण भूक भूक असते. दुसऱ्या दिवशीही नेला. आठव्या की नवव्या दिवशी, नक्की आठवत नाही, संध्याकाळच्या माळेत ती ओळ तोंडातून निघून गेली. हळू, पण निघाली. मीच दचकले.

गडगा अजून तिथेच आहे. मोजणीची तारीख आलेली नाही. यंदा जाऊने अर्धा फणस पाठवला, तोही कापा. आमच्याकडे सगळ्यांना बरका आवडतो हे तिला पंचवीस वर्षं ठाऊक आहे!

मालवण

ताई, कापा फणस क्षमेच्या हिशेबात धरावा की नाही, ते रत्नागिरीचे हिशेबनीस सांगतील. वेंगुर्ल्याच्या दादांनी पुन्हा काही लिहावं असं वाटतंय. नाही लिहिलं तरी चालेल.

वेंगुर्ला

लिहितो. आमच्या वाडीच्या खुरसाकडे (क्रुसाकडे) मे महिन्यात लादीन, म्हणजे गाऊन म्हणायची प्रार्थना, असते. शेजारचे हिंदूही येतात, मेणबत्त्या आणतात. सगळं संपल्यावर उकडलेले चणे वाटतात. ते उकडायचं काम दर वर्षी आईकडे असायचं. ती गेल्यापासून कुणीतरी बाहेरून आणायचं. यंदा वाडीतली म्हातारी येऊन म्हणाली, "तुझ्या आवशीचो टोप खंय आसा?"

टोप माळ्यावर होता. धुऊन ठेवलाय. लादीन मी म्हणणार नाही हे तिला सांगितलंय. पाच किलो चण्यांना मीठ किती लागतं, इथे कुणाला माहीत असेल तर सांगा.