मदत हवी आहे: क्वालिटी आणि सेफ्टी दोन्ही माझ्या गळ्यात, काम थांबवायचा अधिकार मात्र नाही

ओळंबा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. साइटवर हाडं झिजवलेले बरेच जण इथे आहेत, म्हणून हा धागा काढतोय. जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

मी एका मध्यम कंत्राटदाराकडे साइट इंजिनियर आहे. राहत्या घरांची इमारत, खाली बेसमेंट, वर बरेच मजले, सध्या स्लॅबमागून स्लॅब चालू आहेत. आतापर्यंत माझ्याकडे लाइन-लेव्हल, मोजमापं आणि बिलं एवढंच होतं. क्वालिटी बघणारा सोडून गेला, सेफ्टीवाला दोन साइट मिळून एक, आणि वरून निरोप आला, "सध्या तूच बघ." हे 'सध्या' संपायचं लक्षण दिसत नाही.

कागदावर आमच्याकडे काही कमी नाही. सेंटरिंगची (ओला स्लॅब तोलणारा तात्पुरता साचा) चेकलिस्ट आहे, लोखंडाची आहे, काँक्रीटची आहे. गेटवर "सुरक्षा प्रथम" असा भलामोठा बोर्ड आहे. पण चेकलिस्ट स्लॅब भरून झाल्यावर केबिनमध्ये बसून भरली जाते. सगळ्या खुणा एकाच पेनाच्या आणि एकाच हाताच्या. टूलबॉक्स टॉकच्या (काम सुरू व्हायच्या आधीचं सुरक्षेचं छोटं बोलणं) वहीत कामगारांचे अंगठे आहेत, पण त्या दिवशी काय बोलणं झालं हे विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही.

परवाच्या स्लॅबचं सांगतो. सकाळी पंप लागलेला, काँक्रीटची पहिली गाडी (ट्रान्झिट मिक्सर) गेटवर उभी. मी खाली सेंटरिंग बघायला गेलो तर चार-पाच प्रॉपना (साचा खालून धरणारे लोखंडी खांब) मूळ पिन नाही, त्या जागी ८ मिमी सळीचा तुकडा. त्यातला एक आधीच्या स्लॅबला वाकलेला, तोच पुन्हा घातलेला. एक प्रॉप विटेच्या अर्ध्या तुकड्यावर टेकवलेला. वर गेलो तर बाल्कनीच्या स्लॅबमध्ये चेअर (वरची जाळी उचलून धरणारे सळीचे तुकडे) कमी, आणि वरच्या जाळीवरून माणसं ये-जा करून ती पार खाली बसलेली. १५० मिमीच्या स्लॅबमध्ये वरची सळी तळापासून साधारण १२५ मिमीवर हवी. मी टेप लावला तर ८५. कँटिलिव्हरला, म्हणजे एकाच बाजूने आधार असलेल्या स्लॅबला, तीच सळी धरून ठेवते, म्हणजे त्या बाल्कनीची ताकद तिथेच तिसऱ्या हिश्श्याने गेली.

मी थांबा म्हणालो. मुकादम म्हणाला, "साहेब, आजवर कुठं काय झालंय?" प्रोजेक्ट मॅनेजर म्हणाले, "गाडी उभी आहे, माल सेट होईल, भरता भरता दुरुस्त करून घ्या." मग वर काँक्रीट पडत असताना खाली दोन पोरं त्याच प्रॉपमध्ये शिरून पिना बदलत होती. १५० मिमीचा ओला स्लॅब म्हणजे चौरस मीटरला पावणेचारशे किलो, वर माणसं आणि पंपाच्या पाइपचे धक्के वेगळे. तेवढा वेळ मला दुसरं काही सुचत नव्हतं.

सुदैवाने काही झालं नाही, आणि हीच अडचण आहे. आता मुकादमाचं म्हणणं आणखी पक्कं झालं.

माझे प्रश्न असे. मला काम थांबवायचा अधिकार लेखी नाही, तर नेमकं कुठे पाय रोवून उभं राहायचं? कामगार सतत बदलतात, तेव्हा शिकवलेलं टिकतं कसं? आणि क्वालिटी, सेफ्टी, प्लॅनिंग या तीन फायली वेगवेगळ्या ठेवायच्या का? मला तर परवा तिन्ही एकाच प्रॉपखाली दिसल्या. नवे फॉर्म सुचवू नका, आहेत तेच खूप आहेत.

जुनी_फळी

ओळंबा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर तुमच्याच पोस्टमध्ये आहे. गाडी गेटवर आल्यावर जगात कुणीच स्लॅब थांबवत नाही. तिथे भांडण करायला गेलात की हरलात. भांडण आदल्या दिवशी दुपारी करायचं.

आम्ही एवढंच केलं की काँक्रीटची ऑर्डर पोअर कार्डाला, म्हणजे स्लॅब भरायच्या परवानगीच्या कार्डाला, बांधली. सेंटरिंग, लोखंड, इलेक्ट्रिकल-प्लंबिंगचे पाइप, खालचे प्रॉप, या सगळ्यांच्या सह्या आदल्या दिवशी उजेड असताना झाल्या तरच स्टोअरवाला काँक्रीटच्या प्लँटला फोन करणार. सही नाही, तर ऑर्डर नाही. स्टोअरवाल्याला याचं काही वैर नसतं, त्याला फक्त कार्ड दिसतं. तुम्हाला 'थांबवायचा' अधिकार लागतच नाही, 'सुरू करायची' चावी हातात ठेवायची. मॅनेजरला पटवणंही सोपं जातं, कारण गाडी उभी राहिली, माल वाया गेला, ही त्यांची रोजची डोकेदुखी त्यातून कमी होते.

आणि सही करणाऱ्याने वर जाऊनच सही करायची. कार्ड क्लिपबोर्डला लावून स्लॅबवर ठेवा, केबिनमध्ये आणूच नका. साधी गोष्ट आहे, पण निम्मी लबाडी इथेच संपते.

पिनांचं म्हणाल तर एक बादलीभर मूळ पिना साखळीसकट आणून ठेवा. सळीचा तुकडा घालणारा माणूस आळशी नसतो, त्याला पिन मिळत नसते.

निळं_हेल्मेट

सेफ्टीत आहे, म्हणून त्या बाजूने बोलतो.

हेल्मेट-बूट-जॅकेट यावर जेवढा वेळ जातो तेवढा दुसऱ्या कशावर जात नाही, आणि खरं तर हा शेवटचा उपाय. आधी धोका मूळातूनच काढता येतो का बघायचं, मग पद्धत बदलता येते का, मग कठडा-जाळी-झाकण, मग नियम आणि परवाना, आणि सगळ्यात शेवटी अंगावरचं साहित्य. लिफ्टच्या डक्टला पक्का कठडा लावला तर रोज शंभर जणांना "बघून चाला" सांगावं लागत नाही.

हार्नेसचं (उंचीवर काम करताना अंगात घालायचा पट्टा) उदाहरण घ्या. १.८ मीटरची दोरी, झटका शोषणारा भाग उघडला की आणखी पावणेदोन मीटरपर्यंत, पाठीच्या हूकपासून पायापर्यंत दीड, वर एक मीटर राखीव. म्हणजे हूक पायाशी अडकवला तर खाली जवळपास ६ मीटर मोकळी जागा हवी. तीन मीटरवरच्या परांचीवर पायाशी हूक लावलेला माणूस दोरी ताणली जायच्या आधी जमिनीवर असतो. फोटोत मात्र तो शंभर टक्के 'सुरक्षित' दिसतो. म्हणून हूक डोक्याच्या वर लावायचा, आणि कुठे लावायचा ती जागा सेंटरिंग चढवायच्या आधी ठरवायची. परांची बांधून झाल्यावर आठवून उपयोग नाही.

टूलबॉक्स टॉक पाच मिनिटांचा, त्या दिवशीच्या कामापुरता आणि कामगारांच्या भाषेत. भाषण नको. "आज कुठं पडायची भीती आहे?" असं त्यांनाच विचारा आणि गप्प बसा. २०१८ साली आलेल्या आयएसओ ४५००१ या कामाच्या जागेच्या सुरक्षेच्या मानकातही कामगारांना विचारात घेणं, सहभागी करून घेणं हे स्पष्ट लिहिलं आहे. प्रमाणपत्र भिंतीवर लावणारे नेमकं तेवढंच विसरतात.

दंड मात्र लावू नका. दंड सुरू झाला की थोडक्यात वाचलेल्या घटना कुणी सांगत नाही. तुमच्या त्या वाकलेल्या सळीची बातमी तुम्हाला कामगाराकडून यायला हवी होती.

सेंटरिंगवाला

वरचे सगळे पगारी दिसतात. मी लेबर कंत्राटदार आहे, आमची बाजू पण ऐका.

मला रेट चौरस मीटरवर. चेअर बनवायला फिटरचा वेळ जातो, त्याचं बिलात नाव नाही. प्रॉप किती अंतरावर ते ड्रॉइंग मला कधी मिळालंच नाही, अंदाजाने लावतो. लोखंडाचं ड्रॉइंग आदल्या रात्री बदलतं. माझी माणसं दोन दिवस बसून राहतात आणि तिसऱ्या दिवशी मला सांगतात की उद्या स्लॅब झालाच पाहिजे. मग मुकादम पिन शोधत बसणार का?

दंड लावा हो, मी तो रेटमध्ये वाढवून घेईन. त्यापेक्षा चेअर, कव्हर ब्लॉक (सळी साच्यापासून वर ठेवणारे ठोकळे), पिना या गोष्टी वेगळ्या मोजा आणि वेगळे पैसे द्या. एकदा करून बघा.

ओळंबा

सेंटरिंगवाला, हे तुम्ही लिहिलंत ते बरं झालं. आमच्याकडेही चेअर रेटमध्येच धरलेत, कालच काढून बघितलं. म्हणजे कमी लावण्यातच त्यांचा फायदा, आणि तो आम्हीच ठरवून दिलेला.

जुनी_फळी, पोअर कार्डाचं मॅनेजरांशी बोललो. "एका स्लॅबला करून बघू" इथपर्यंत आले आहेत. आणखी दोन गोष्टी विचारतो. एका स्लॅबपासून पुढच्या स्लॅबपर्यंतचं चक्र घट्ट आहे म्हणून प्रॉप लवकर काढायचा दबाव असतो, "क्यूब (ताकद तपासायचा काँक्रीटचा ठोकळा) पास आहे ना?" हे उत्तर ठरलेलं. आणि स्लॅबवर माल घट्ट वाटला की पाइप घेऊन मिक्सरमध्ये पाणी सोडतात, ते कसं रोखायचं?

अठ्ठावीस_दिवस

लॅबमध्ये आयुष्य गेलं, म्हणून हे दोन्ही माझ्या वाट्याचे.

पाण्याचं आधी. घनमीटरला ३४० किलो सिमेंट आणि १६० लिटर पाणी धरलं तर प्रमाण ०.४७. सहा घनमीटरच्या गाडीत ६० लिटर पाणी सोडलं, म्हणजे पाइप काही क्षण धरला, की ते ०.५० होतं. पाणी-सिमेंटचं प्रमाण वाढलं की ताकद घटते हे डफ अब्रॅम्सने १९१८ मध्येच दाखवून दिलंय, नवीन काही नाही. पण नुसतं "पाणी घालू नका" म्हणून चालत नाही. माल घट्ट का आला ते बघा. गाडी उन्हात उभी होती का, पंपाला हवा तेवढा स्लम्प (मालाचा पातळपणा) मागवला होता का? ऑर्डर देतानाच पंपाजवळचा स्लम्प सांगा, गेटवर शंकू लावून मोजा, आणि कमी भरला तर अॅडमिक्श्चर (माल पातळ करणारं रसायन) प्लँटच्या माणसाच्या हातून, मोजून. पाण्याचा पाइप पंपाच्या आसपास ठेवूच नका.

आता क्यूब. लॅबच्या टाकीत मजेत पोहलेला क्यूब तुमच्या स्लॅबबद्दल काही सांगत नाही. तो प्लँटने काय माल पाठवला ते सांगतो. प्रॉप काढायचा निर्णय घ्यायचा तर वेगळे क्यूब भरा आणि ते स्लॅबवरच, स्लॅबला जेवढं पाणी मिळतं तेवढंच देऊन ठेवा. थंडीत आणि फ्लाय अॅश किंवा स्लॅगच्या सिमेंटला ताकद हळू येते, तिथे कॅलेंडरवर विसंबू नका.

१९७८ साली अमेरिकेत विलो आयलंडला कूलिंग टॉवर चढत होता. परांची आणि फर्मा (काँक्रीटचा साचा) टॉवरच्या भिंतीलाच धरलेला, आणि ती भिंत आदल्या दिवशी भरलेली. वरचा थर सोलून निघाला आणि ५१ कामगार गेले. माल वाईट नव्हता, पुरेसा पिकलेला नव्हता. क्वालिटी आणि सेफ्टीच्या फायली वेगळ्या का, असं कुणी विचारलं तर मी हे सांगतो.

आणि वरचा स्लॅब भरताना खालच्या किती मजल्यांना प्रॉप ठेवायचे हे स्ट्रक्चरल कन्सल्टंटकडून लेखी घ्या. ते मुकादमाने ठरवायचं काम नाही.

बार_चार्ट

प्लॅनिंगवाला आहे, शिव्या खायची सवय आहे.

तुमच्या सगळ्या गोष्टींचं मूळ शेवटच्या रात्रीच्या घाईत आहे. ग्लेन बॅलार्ड आणि ग्रेग हॉवेल यांनी नव्वदच्या दशकात साइटवरची आठवड्याची आश्वासनं मोजली, तर ठरलेल्या कामांपैकी निम्म्याच्या आसपासच त्या आठवड्यात पूर्ण होत होती. त्यातूनच 'लास्ट प्लॅनर' पद्धत आली. नाव मोठं, काम साधं. आठवड्यातून एकदा सगळे मुकादम उभ्याउभ्या जमवा. पुढच्या काही आठवड्यांत येणारं काम वाचा आणि प्रत्येकाला एकच विचारा, "हे सुरू करायला तुला काय कमी पडेल?" ड्रॉइंग, पिना, क्रेन, माणसं, जे निघेल ते लिहा आणि नावासमोर टाका. ज्याचं सगळं तयार तेच काम त्या आठवड्याच्या यादीत. पुढच्या वेळी झालं-नाही एवढंच मोजा, आणि नाही झालं तर कारण. कारण लिहा, माणसाचं नाव नको.

महिनाभर कारणं लिहिलीत की सेंटरिंगवाला खरं बोलतोय की नाही तेही कळेल. (माझा अंदाज: बऱ्यापैकी खरं बोलतोय.)

सेंटरिंगवाला

बऱ्यापैकी म्हणजे काय हो!

ओळंबा

:-) त्या बैठकीला तुमच्यासारखा एक तरी हवा.

मी असं ठरवतोय: पुढच्या स्लॅबला पोअर कार्ड, चेअर आणि कव्हर ब्लॉकचा वेगळा रेट मागायचा, आणि प्रॉपचं ड्रॉइंग कन्सल्टंटकडून. आठवड्याची बैठक त्यानंतर, सगळं एकदम काढलं तर काहीच होणार नाही. एक शंका राहिलीच. कार्डावर सह्या झाल्या, ऑर्डर गेली, आणि रात्रीत कुणी प्लंबिंगच्या पाइपसाठी दोन प्रॉप सरकवले तर?

जुनी_फळी

सरकवतातच. म्हणून सही आदल्या दिवशीची आणि खालची एक फेरी सकाळी, पंप लागायच्या आधी, दोघांनी मिळून: तुमचा एक आणि सेंटरिंगचा एक. आणि काँक्रीट पडत असताना खाली एक अनुभवी सुतार ठरलेल्या जागी उभा. प्रॉपच्या रानात नाही, बाहेर, कडेला, शिट्टी घेऊन. कड दबताना दिसली, प्रॉप वाकताना दिसला, की शिट्टी आणि वरचा पंप बंद. आत शिरून दुरुस्ती नाही. हे पंपवाल्याला आधीच सांगून ठेवा, नाहीतर शिट्टी वाजते आणि तो ऐकतच नाही.