मदत हवी आहे: जीसीवर (गॅस क्रोमॅटोग्राफ) मेथेनॉलची आरएसडी १९ टक्के येतेय

तारापूर_क्यूसी:
मंडळी जरा अर्जंट आहे, बॅच अडकलीय. मेथेनॉलच्या सहा इंजेक्शनची आरएसडी, म्हणजे पीकच्या एरियांमधला टक्केवारीतला फरक, १९ च्या वर जातेय, मेथडमध्ये १५ च्या आत पाहिजे. इंजेक्टरचा सेप्टम बदलला, लायनर बदलला, कॉलम रात्रभर बेक केला, काही फरक नाही. काय करू?

सुनीलदा:
स्टँडर्ड की सँपल? डायरेक्ट इंजेक्शन की हेडस्पेस (व्हायल तापवून वरची वाफ)? कॉलम कुठला, डायल्युअंट काय?

तारापूर_क्यूसी:
हेडस्पेसच हो, रेसिड्युअल सॉल्व्हंट (औषधात उरलेले) आहेत. स्टँडर्ड. कॉलम डीबी-६२४, डिटेक्टर एफआयडी, डायल्युअंट डीएमएसओ, व्हायल ८० डिग्रीला ३० मिनिटं.

मीनल_आर:
रेसिड्युअल सॉल्व्हंट हे आत्ता सांगताय :) आयसीएचप्रमाणे (औषधांची आंतरराष्ट्रीय मानकं) मेथेनॉलची लिमिट ३००० पीपीएम आणि टोल्युइनची ८९०.

तारापूर_क्यूसी:
ताई लिमिट माहितीये, रिझल्टपर्यंत पोचलोच नाहीये अजून.

गॅसवाले_काका:
कॅरियर गॅस म्हणून हेलियम वापरत असाल तर सोडा आणि हायड्रोजनवर या. मी आलो, रनटाइम कमी झाला आणि सिलिंडरचा खर्चही वाचला.

सुनीलदा:
काका, त्याने एरिया कसा स्थिर होणार?

प्रोसेस_मन:
इंटर्नल स्टँडर्ड टाका (प्रत्येक व्हायलमध्ये दुसरा एक सॉल्व्हंट सारखाच, आणि त्याच्याशी रेशो काढा), विषय संपला. मी दहा वर्षं तेच करतोय.

सुनीलदा:
व्हॅलिडेट झालेल्या मेथडमध्ये मधेच टाकता येत नाही, चेंज कंट्रोल (बदलाची रीतसर मंजुरी) लागेल. आणि गळती असली तर रेशोमुळे ती नुसती झाकली जाईल, बंद होणार नाही. @तारापूर सहाही एरिया टाका, टोल्युइनचेपण.

प्रोसेस_मन:
झाकली जाईल कसं, दोन्ही सारखेच कमी होतील ना, रेशो बरोबर येईल.

सुनीलदा:
तेच म्हणतोय, आकडा बरोबर दिसेल आणि व्हायल गळतच राहील. शिवाय दोन सॉल्व्हंट सारख्याच प्रमाणात गळतील असं कुणी सांगितलं?

तारापूर_क्यूसी:
मेथेनॉल: ४१२, ४०५, २९८, ४०९, २५१, ४०१. टोल्युइनपण तिसऱ्या आणि पाचव्यालाच पडतंय. रिटेन्शन टाइम जागच्या जागी आहे.

सुनीलदा:
मग कॉलम, डिटेक्टर सोडा. बाकी चार व्हायल छान जुळतायत, दोनच व्हायलमध्ये सगळे पीक एकदम खाली आलेत. त्या दोन काढून ॲल्युमिनियमची कॅप दोन बोटांत धरून फिरवून बघा. फिरली तर क्रिंप (कॅपची दाबून बसवलेली पकड) सैल आहे, ८० डिग्रीला वाफ तिथूनच निघून जाते. व्हायलच्या सेप्टमची (कॅपखालची रबरी चकती) टेफ्लॉनची बाजू आत आहे का तेही बघा.

एमएस्सी_नाशिक:
सर जीसी शिकायला कुठला कोर्स करू? क्यूसीत फ्रेशर घेतात का?

मीनल_आर:
वेगळा धागा काढा, इथे हरवेल.

तारापूर_क्यूसी:
फिरतायत! दोन्ही! बाकीच्या चार घट्ट आहेत. क्रिंपरचा ॲडजस्टमेंट स्क्रू सैल झाला होता, आवळला, आणि सहा नवीन व्हायल भरून लावल्यात. दोन दिवस मी कॉलमच्याच मागे होतो. सुनीलदा खूप खूप आभार.

सुनीलदा:
आधीचा सिक्वेन्स डिलीट करू नका, डेव्हिएशन रिपोर्टमध्ये क्रिंपरचं कारण लिहून क्यूएला (क्वालिटी ॲश्युरन्स) दाखवा. आणि नव्या व्हायलच्या कॅप इन्क्युबेटरमध्ये टाकायच्या आधी एकेक फिरवून बघितल्यात ना?

तारापूर_क्यूसी:
एकूण एक. आत्ता चौथं इंजेक्शन चालू आहे, पहिली तीन ४०८, ४११, ४०६.

गॅसवाले_काका:
छान झालं. पण हायड्रोजनचं मनावर घ्या.