मदत हवी आहे: ॲक्सेप्टनंतर एजंट गप्प झाला तर ऑर्डर दुसरीकडे कधी द्यावी?

पुणे, नाशिक आणि कोल्हापूरच्या गोदामांत सुट्या भागांच्या ऑर्डरी वाटायला आम्ही जेडवर (एजंट बनवायची जावातली चौकट) मल्टी-एजंट सिस्टिम चालवतो, म्हणजे एकमेकांना निरोप पाठवून काम वाटून घेणारे स्वतंत्र प्रोग्रॅम (एजंट). पद्धत फिपाच्या (एजंटांच्या संवादाची मानकं ठरवणारी संस्था) कॉन्ट्रॅक्ट नेटची, म्हणजे निविदेसारखी: ऑर्डर एजंट सीएफपी (प्रस्ताव मागवणारा निरोप) पाठवतो, गोदामांचे एजंट साठा आणि वेळ पाहून प्रपोजल देतात, त्यातल्या एकाला ॲक्सेप्ट जातं. इथवर सुरळीत.

घोळ पुढे आहे. ॲक्सेप्ट पोचल्यावर गोदामाचं नेट गेलं की ना इन्फॉर्म (काम झाल्याचा निरोप) येतो, ना फेल्युअर (काम फसल्याचा). वाट पाहून ऑर्डर दुसऱ्याला दिली, तर पहिल्याकडूनही माल निघालेला असतो. सीएफपीतला रिप्लाय-बाय (उत्तराची मुदत) प्रपोजलपुरताच, तो इथे कामाचा नाही. थांबण्याची मुदत वाढवली, तर तातडीच्या ऑर्डरी अडकल्या. ऑर्डर क्रमांक तपासल्याने एकच गोदाम दोनदा पाठवत नाही, एवढंच साधलं.

नेट नसतानाही गोदामाचं काम चालू राहायला हवं, म्हणून टू-फेज कमिट (सगळ्यांचा होकार आल्यावरच काम पक्कं करणं) किंवा मध्यवर्ती लॉक नको. घड्याळं तिन्हीकडे एनटीपीवर (नेटवरून वेळ जुळवणारी पद्धत) आहेत. मग ॲक्सेप्टला ठरावीक वेळेची लीज (तेवढ्या मुदतीपुरताच हक्क) जोडून ती संपल्यावर गोदामाने स्वतःच माल थांबवावा, की सागासारखी (झालेली पावलं उलट पावलांनी मागे घ्यायची पद्धत) नंतर रद्द करायची सोय ठेवावी? (ट्रक गेटबाहेर पडला की रद्द करणं फार महागात जातं.) लीज वापरली असेल, तर तिची मुदत कशावरून ठरवलीत?