जुनी डिस्क काढली की दुसऱ्या डिस्कवरून फ्रीबीएसडी सुरू होत नाही

प्रश्न (मुनीम, वणी तालुका)

नमस्कार. आमच्या जिनिंगमधील वजनकाट्याच्या नोंदींचा संगणक फ्रीबीएसडी या कार्यप्रणालीवर चालतो. जुन्या डिस्कमधून टकटक आवाज येऊ लागला, म्हणून दुसरी डिस्क बसवून डंप व रिस्टोअर या नक्कल करणाऱ्या आज्ञांनी सर्व काही तिच्यावर घेतले, जीपार्ट या डिस्क-विभागणीच्या आज्ञेने बूटकोड (संगणक सुरू करणारा छोटा प्रोग्राम) लिहिला आणि तिच्यातील एफएसटॅबमध्ये (कोणता विभाग कुठे जोडायचा, त्या यादीच्या फाइलमध्ये) एडीए० या पहिल्या डिस्कच्या नावाच्या जागी एडीए१ केले. दोन्ही डिस्क जोडलेल्या असताना बायोसमध्ये दुसरी निवडली की संगणक नीट सुरू होतो. जुनी काढली की मात्र कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) चढतो, 'एरर १९' दाखवतो आणि 'माउंटरूट' लिहून थांबतो. सध्या जुनी जोडूनच काम रेटत आहे, पण ती बंद पडली तर कापसाच्या गाड्या फाटकावर उभ्या राहतील. नवी डिस्क सदोष निघाली असेल काय?

उत्तर (आर्वी)

कर्नल तिच्यावरून चढतो आहे, म्हणजे दोष बहुधा डिस्कचा नाही. एरर १९ म्हणजे सांगितलेल्या नावाचे उपकरण सापडले नाही. एडीए चा क्रमांक डिस्कवर कोरलेला नसतो, तो सहसा डिस्क सापडतील त्या क्रमाने मिळतो. जुनी काढल्यावर नवी डिस्कच एडीए० झाली आणि एफएसटॅब अजून एडीए१ शोधत आहे.

माउंटरूटच्या पुढे प्रश्नचिन्ह टाइप करून एंटर दाबा, म्हणजे उपलब्ध उपकरणांची यादी दिसेल. मग 'यूएफएस' (फाइलप्रणालीचा प्रकार), अपूर्णविराम (:) आणि यादीतील रूट विभागाचा, म्हणजे कार्यप्रणालीच्या मूळ विभागाचा, पूर्ण मार्ग द्या. आपल्याकडे तो बहुधा एडीए०पी२ (एडीए० चा दुसरा विभाग) असेल. पुढे फाइल तपासणी अडून शेलचा (आज्ञा स्वीकारणाऱ्या प्रोग्रामचा) मार्ग विचारला गेला, तर नुसते एंटर दाबावे. रूट तेथे केवळ वाचता येतो, म्हणून माउंट या आज्ञेला यू व डब्ल्यू हे पर्याय देऊन तो लिहिता करावा आणि मगच एफएसटॅब उघडावा. स्वॅपची (मेमरी अपुरी पडल्यास वापरायच्या विभागाची) ओळही बदलावी, ती हमखास राहून जाते.

उत्तर (पुसद)

वरील उपाय योग्य आहे, परंतु क्रमांकावर विसंबू नये असे मला कळकळीने सांगावेसे वाटते, कारण उद्या आणखी एक डिस्क जोडली की हाच पेच पुन्हा पडेल. जीपार्टच्या मॉडिफाय आज्ञेने रूट व स्वॅप विभागांना नावे द्या आणि एफएसटॅबमध्ये देव (/dev), जीपीटी (gpt) व ते नाव असा मार्ग लिहा. जुन्या डिस्कवर असलेले नाव मात्र पुन्हा देऊ नका. शिवाय डंप घेतल्यानंतर जुन्या डिस्कवर काही काटापट्ट्या नोंदल्या गेल्या असतील, तर त्या नव्या डिस्कवर नाहीत. जुनी चालते आहे तोवर त्या उतरवून घ्या.

मुनीम, वणी तालुका

यादीत एडीए०पी२ दिसला आणि तोच दिल्यावर संगणक पुढे सरकला. स्वॅपची ओळ खरोखरच राहिली होती. दोन्ही विभागांना नावे दिली असून जुनी डिस्क काढून दोनदा सुरू करून पाहिले. मधल्या दिवसाच्या ११ काटापट्ट्या जुन्या डिस्कवरच सापडल्या, त्या उतरवून घेतल्या. दोघांचेही मनापासून आभार.